पागलखान्यापासून मनोरुग्णालयापर्यंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, प्रवासवर्णने, संतचरित्रे आणि कविता येतात व आपण सर्व भगिनी त्या आवडीने वाचतो. यंदा मी जरा निराळा विषय घेतला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, त्यामुळे विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. परंतु जे वाचले, विचारले आणि घरात पाहिले, ते सरळ शब्दांत सांगण्याचा यत्न केला आहे. विषय आहे मनाच्या दुखण्याचा, आणि ते दुखणे झाले असता आपल्या नागपुरात माणूस आजवर कोणाच्या दाराशी जात आला याचा.

मुलाला ताप आला तर कपाळावर ओली पट्टी ठेवावी, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. हात मोडला तर कोठे न्यावे, कावीळ झाली तर काय खाऊ घालू नये, हे शेजारची बाईसुद्धा सांगते. पण घरातले माणूस रात्र-रात्र झोपेनासे झाले, आपल्याशीच पुटपुटू लागले, किंवा सहा-सहा महिने एका कोपऱ्यात बसून राहिले, तर काय करावे हे कोणी सांगत नाही. कोणाला विचारावे हेही कळत नाही, आणि विचारले तर घराची अब्रू जाते असे वाटते. ही स्थिती का झाली याचे उत्तर बरेचसे इतिहासात आहे.

नागपूरचा पागलखाना सर्वांना ठाऊक आहे. छिंदवाड्याच्या रस्त्याला त्याच्या नावाचा चौकच आहे आणि ऑटोवाल्याला 'पागलखाना चौक' म्हटले की तो दुसरे काही विचारीत नाही. पुण्याकडची माणसे चिडली म्हणजे "याला येरवड्याला पाठवा" म्हणतात, मुंबईकडची "ठाण्याला पाठवा" म्हणतात, आणि आपण पागलखान्याचे नाव घेतो. म्हणजे महाराष्ट्राच्या तिन्ही टोकांना मनाच्या दवाखान्याचे नाव हे शिवीसारखे किंवा धाकासारखे वापरले जाते. ज्या घराच्या नावाने लहान मुलांना भिववायचे, त्या घराचे दार आपण होऊन कोण ठोठावणार?

हे घर इ. स. १८६४ साली स्थापन झाले. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन थोडी वर्षेच लोटली होती आणि १८६१ साली मध्यप्रांत बनून नागपूर त्याची राजधानी झाली होती. राजधानी म्हटली की कचेऱ्या आल्या, तुरुंग आला, इस्पितळ आले आणि त्याबरोबर वेड्यांचे घरही आले. इंग्रजांनी १८५८ साली या बाबतीत कायदा केला होता. त्यात वेडा म्हणून कोणाला आत ठेवावयाचे ते दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाने. रस्त्यात भटकणारा किंवा लोकांना धोकादायक वाटणारा माणूस पोलिसाने धरावा, दंडाधिकाऱ्यापुढे उभा करावा, आणि हुकूम झाला की त्याची रवानगी व्हावी. आरंभापासूनच हे काम औषधापेक्षा बंदोबस्ताचे अधिक होते. उंच भिंती आणि कुलुपे पाहून लोकांनी त्याला तुरुंगाचाच भाऊ मानले, यात लोकांचा फारसा दोष नाही.

पुढे १९१२ साली नवा कायदा आला. त्यात नवरा, बायको किंवा नातेवाईक यांनी दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा, सोबत दोन डॉक्टरांचे दाखले जोडावे, आणि दंडाधिकाऱ्याने आज्ञा द्यावी अशी रीत घालून दिली. स्वतः होऊन इलाजासाठी येणाऱ्यालाही घेण्याची सोय त्यात होती, पण त्याला संस्थेच्या दोन देखरेखकांची संमती लागे. हा कायदा १९९३ पर्यंत, म्हणजे ऐंशी वर्षे चालला. आपल्या आजीच्या काळची एखादी बाई डोळ्यांपुढे आणा. तिच्या मुलाला भ्रम झाला आहे. तिला लिहिता येत नाही, कोर्ट कसे असते ते तिने पाहिलेले नाही, आणि तिने काय करावयाचे, तर अर्ज लिहवून घेऊन दंडाधिकाऱ्यापुढे जावयाचे! ती तेथे जाणार नाही, देवाकडे जाईल. आणि ती गेलीही देवाकडेच.

१९२० नंतरच्या काळात देशभरच्या या घरांची नावे बदलून ती 'मेंटल हॉस्पिटल' झाली, आणि आज आपल्या येथील संस्थेचे नाव 'प्रादेशिक मनोरुग्णालय' असे आहे. पाटी बदलली, पण चौकाचे नाव बदलले नाही.

याच पागलखान्याच्या इतिहासात एक गोष्ट अशी आहे की ती नागपूरकराशिवाय दुसऱ्याला पटकन समजणार नाही. ती म्हणजे ताजुद्दीन बाबांची. कामठीला १८६१ साली जन्मलेले ताजुद्दीन बाबा तरुणपणी फौजेत होते. पुढे नोकरी सुटली, ते विरक्तासारखे फिरू लागले, आणि १८९२ साली त्यांना नागपूरच्या पागलखान्यात ठेवण्यात आले. ते तेथे सोळा वर्षे होते. सरकारी दप्तराच्या दृष्टीने ते वेडे. पण लोकांच्या दृष्टीने ते अवलिया. हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांची माणसे आपापली दुःखे घेऊन पागलखान्यात त्यांच्या दर्शनाला जाऊ लागली. अखेर १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी हमी घेऊन त्यांना बाहेर काढले व शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात सन्मानाने आणून ठेवले. १९२५ साली ते निवर्तले. उमरेड रस्त्यावरच्या ताजबागेत आजही सर्व धर्मांची गर्दी लोटते, आणि मनोरुग्णालयातील त्यांच्या वास्तव्याची जागाही भाविक पवित्र मानतात.

बाबांच्या साधुत्वाविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही. मला यात निराळेच दिसते. ज्या भिंतीला लोक इतके भीत, तीच भिंत ओलांडून ते आत गेले, कारण आत त्यांचे ऐकणारे कोणीतरी आहे असा त्यांना भरवसा होता. माणसाला भीती भिंतीची नसते. आपले कोणी ऐकून घेणार नाही आणि उलट आपल्यालाच आत टाकतील, ही भीती असते. ऐकणारा भेटला की माणूस पागलखान्यातही जातो. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बाबांना बाहेर काढण्यासाठी एक राजा उभा राहिला. ज्या गरीब बायाबापड्या त्याच काळात आत होत्या, त्यांच्यासाठी हमी घेणारा कोण होता?

मग या सगळ्या काळात बायका कोठे जात? दर्ग्यावर जात, देवस्थानाला जात, भगताकडे जात. त्यांना मी नावे ठेवीत नाही. देवळाच्या ओसरीवर निदान बसावयास जागा असते आणि आपल्यासारखी दुसरी दुःखी बाई शेजारी भेटते. पश्चिम महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात वेडाच्या इलाजासाठी येणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास एका परदेशी विदुषीने केला व तो १९८७ साली छापून आला. तिने असे नोंदविले की पुष्कळदा आजारी असतो पुरुष, आणि त्याच्यासोबत आलेली बायको किंवा आई अंगात येऊन ते दुखणे आपल्या अंगावर घेऊ पाहते. हे वाचले तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही. घरातले दुखणे अंगावर घ्यावयाची आपल्याला सवयच आहे. पण त्या बाईचे दुखणे कोण घेतो?

आता औषधांकडे वळू. स्वातंत्र्याच्या आधी भोर समितीने देशाच्या आरोग्याची पाहणी केली. तिचा अहवाल १९४६ साली आला. त्यात असे दिसले की मनाच्या रुग्णांसाठी साऱ्या देशात सुमारे १० हजार खाटा आहेत, म्हणजे सुमारे ४० हजार माणसांमागे एक. त्याच वेळी इंग्लंडात ३०० माणसांमागे एक खाट होती. तोवर वेडावर गुणकारी म्हणावे असे औषधही फारसे नव्हते. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन नावाच्या औषधाचा उपयोग सुरू झाला आणि भ्रम झालेली माणसे शांत होऊन घरी राहू शकतात असे दिसून आले. पुढे उदासीनतेवर औषधे निघाली. तेव्हापासून कुलूप हा एकच इलाज उरला नाही.

याच सुमारास अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक साधी गोष्ट केली. रुग्णाला आत ठेवून नातेवाइकांना परत पाठविण्याऐवजी त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि घरच्यांना रुग्णाबरोबर राहावयास सांगितले. आजार काय आहे, औषध का द्यावयाचे, माणसाशी कसे बोलावयाचे हे घरच्यांनी डोळ्यांनी पाहिले. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि त्यांच्याबरोबर माहितीही घरोघर गेली. माझ्या मते या विषयातल्या सर्व शोधांत हा तंबूचा शोध फार मोठा आहे. त्याला पैसा थोडा लागला, पण विश्वास पुष्कळ लागला.

पुढे १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला आणि १९९६ पासून तो जिल्हावार नेण्याचे काम सुरू झाले. शहाण्या माणसांनी ठरविले की रुग्णाने मोठ्या रुग्णालयापर्यंत येण्याची वाट न पाहता इलाजानेच त्याच्या गावापर्यंत जावे. ठराव चांगला होता. पण कागद आणि घर यांत अंतर असते, आणि ते अंतर आमच्या घरानेही चालून पाहिले आहे.

वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी नणंद पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे आली होती. तिच्याच परवानगीने हे लिहीत आहे. बारसे झाले आणि तिची झोप उडाली. बाळ रडले तरी ती भिंतीकडे तोंड करून बसे. एके दिवशी मला म्हणाली, "वहिनी, हे बाळ माझं नाही. कोणी तरी बदललं." माझ्या अंगावर काटा आला. शेजारच्या म्हणाल्या, बाहेरचे आहे. मग ताईत झाला, लिंबू उतरवून झाले. शहराबाहेरच्या एका भगताने तिच्या तळहातावर कापूर जाळला आणि वर पैसे घेतले. तो डाग अजून तिच्या हातावर आहे. असे दोन महिने गेले. बाळ मी सांभाळले.

बाळाच्या लसीसाठी येणाऱ्या नर्सबाईंनी ते पाहिले. त्या माझ्या सासूबाईंजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, ही बाधा नव्हे. बाळंतपणानंतर काही बायांना हा आजार होतो. औषधानं बरा होतो. मेडिकलला याची ओपीडी आहे, मी चिठ्ठी लिहून देते." सासूबाई पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "नेऊ. पण पागलखान्याच्या रस्त्यानं नेऊ नका."

चार-सहा महिन्यांत नणंद बरी झाली. तिचा तो मुलगा आज कॉलेजात आहे. बाळंतपणानंतरचा इतका तीव्र भ्रम हजारात एक-दोघींना होतो; पण बाळंतपणानंतरची उदासीनता आपल्या देशात शंभरातल्या वीस-बावीस जणींना होते, असे अभ्यासकांनी काढले आहे. तेव्हा आपल्या मंडळातच अशा किती जणी असतील याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. नर्सबाईंनी आमच्या घरी काही औषध दिले नाही, फक्त दोन वाक्ये सांगितली. ती दोन वाक्ये आमच्यापर्यंत येण्यास दोन महिने लागले.

या नंतरच्या काळात कायदाही पुष्कळ बदलला, तो आपण माहीत करून घेतला पाहिजे. २००१ सालच्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूत एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली. तेथील रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही आणि २८ जीव गेले. तेव्हा साऱ्या देशाचे डोळे उघडले. आपल्या महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या नावाने माणसाला मारणे, बांधून ठेवणे, चटके देणे आणि डॉक्टरकडे नेण्यास अडविणे हा त्यात गुन्हा ठरला. तो आधी असता तर माझ्या नणंदेच्या हातावर डाग नसता.

सर्वांत महत्त्वाचा कायदा २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा. तो २०१८ पासून लागू झाला. जुन्या कायद्यांत 'याला आत कसे ठेवावे' हा प्रश्न मुख्य होता. या कायद्यात 'याचा हक्क कोणता' हा प्रश्न मुख्य आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून इलाज मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. रुग्णाला साखळीने बांधता येत नाही. भूल दिल्याशिवाय विजेचा उपचार करता येत नाही. आपल्या वतीने निर्णय घेण्यास कोणी यावे हे माणूस स्वतः लिहून ठेवू शकतो. ज्याने जीव देण्याचा प्रयत्न केला तो अतिशय ताणाखाली होता असे धरून चालावयाचे, त्याला शिक्षा द्यावयाची नाही, तर त्याची काळजी घ्यावयाची. आणि आपल्यासाठी मुद्दाम सांगावयाचे म्हणजे, बाई इलाजासाठी दाखल झाली आणि तिचे मूल तीन वर्षांच्या आतले असले, तर सामान्यतः ते मूल तिच्यापासून तोडू नये असेही या कायद्यात लिहिले आहे. बरी झालेली व्यक्ती केवळ घरचे नेत नाहीत म्हणून आत ठेवता येणार नाही, हेही त्यात आहे. हे शेवटचे वाचताना मात्र मान खाली जाते. कारण ही ओळ लिहावी लागली ती डॉक्टरांमुळे नव्हे, घरच्यांमुळे.

महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. चारही मिळून मंजूर खाटा ५,६९५; त्यांपैकी नागपूरच्या ९४०. आपल्या मनोरुग्णालयात २०१६ साली शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून 'उडान' नावाचा सुधारणेचा उपक्रम हाती घेतला. परंतु खाटा कितीही वाढविल्या तरी सगळा प्रश्न त्यांनी सुटणार नाही. २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत मोठी पाहणी झाली. त्यात शंभर प्रौढांमध्ये दहा-अकरा जणांना मनाचा काही ना काही आजार असल्याचे दिसले आणि त्यांतल्या शंभरातील ऐंशीहून अधिकांना इलाज मिळत नव्हता. यांतल्या बहुतेकांना खाट नकोच असते. त्यांना हवा असतो सल्ला, गोळ्या आणि कोणीतरी विचारपूस करणारे.

हे ओळखून काही कुटुंबांनी स्वतःच वाट काढली. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे दारू पिणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोचेही ऐकून घेतले जाते आणि अशा बायकांचे गटही जमतात. ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी मानसिक आरोग्याची संस्था काढली. कॅनडातील कॅल्गरी येथे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात रुग्णांच्या नातेवाइकांना मिळणारा आधार आपल्याकडच्या लोकांनाही मिळावा म्हणून त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. तेथे नातेवाईक एकत्र बसून एकमेकांना अनुभव सांगतात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' हा २००४ सालचा चित्रपट याच आजारावरचा आहे. भाऊ आजारी आणि त्याला सांभाळणारी बहीण, अशी ती गोष्ट. कित्येक घरांना आपल्या आजाराचे नाव त्या चित्रपटामुळे प्रथम कळले असेल.

आपल्या विदर्भातलाही एक दाखला देते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच माणसांना थोडे शिक्षण देऊन त्यांनी घरोघर जावे, उदासीनता म्हणजे काय ते सांगावे, धीर द्यावा, आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोहोचवावे, अशी त्याची रचना होती. आरंभी उदासीनता असलेल्या शंभर माणसांपैकी जेमतेम ४ जण मदत घेत होते. दीड वर्षाने २७ घेऊ लागले. मनात आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाणही शंभरात ५ वरून अडीचवर आले. २०१५ साली शासनाने शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प काढला, त्यातही आशाताईंनी घरोघर जाऊन विचारपूस करावी अशीच योजना होती. अमृतसरचा तंबू, आमच्याकडच्या नर्सबाई आणि अमरावतीच्या गावातली ही माणसे, या तिघांत एकच सूत्र आहे. माहिती ओळखीच्या माणसाच्या तोंडून आली की ती घरात शिरते.

आज नागपुरात विचारावयाचे कोठे, ते स्पष्ट लिहून ठेवते. मेडिकल आणि मेयो या दोन्ही ठिकाणी मानसोपचाराची ओपीडी आहे. मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. तेथे गेले म्हणजे आत ठेवतात असे मुळीच नाही, बहुतेक जण औषध घेऊन घरी येतात. आणि १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारने 'टेलिमानस' ही फोनची सोय केली आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लावता येतो आणि मराठीत बोलता येते. ज्या बाईला घराबाहेर पडणे कठीण, तिने दार लोटून घ्यावे आणि हा क्रमांक फिरवावा.

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. आपण हळदीकुंकू करतो, भजन करतो, भिशी करतो, सहली काढतो. महिन्यातून एक दुपार अशी ठेवावी की ज्या दिवशी कार्यक्रम नाही, वक्ता नाही, फक्त सतरंजी घातलेली असेल. ज्या भगिनीला काही सांगावयाचे आहे तिने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि ते त्या खोलीबाहेर जाऊ देऊ नये. वर्षातून एकदा मेडिकलच्या डॉक्टरांना बोलवावे. आपण डॉक्टर नाही, गोळी देणे आपले काम नव्हे. पण "ही बाधा नव्हे, आजार आहे, चला, मी तुमच्याबरोबर येते," एवढे म्हणावयास सातवीचे शिक्षणही पुष्कळ झाले.

१८६४ साली सरकारने या शहरात भिंत बांधली. तिला दार करावयाचे काम मात्र अजून पुरे झालेले नाही, आणि ते एकट्या सरकारचे नाही. पुढच्या वर्धापनदिनापर्यंत आपल्या वस्तीतल्या एका जरी घराला वेळेवर दोन वाक्ये सांगता आली, तर मंडळाचे वर्ष सार्थकी लागले असे मी समजेन.